बर्फात गाडी नेताय? साखळी पारखून घ्या!

डिसेंबर उजाडला की भिलाईत पहाटे धुके उतरते, कपाटातले स्वेटर बाहेर निघतात आणि मैत्रीबागेत सहलींची गर्दी सुरू होते. पण आपली ही थंडी शाल आणि कानटोपीत भागणारी. पारा दहा-बारा अंशांवर आला तरी आपण 'काय कडाका पडला आहे' म्हणतो! खरा बर्फ पाहायचा, त्यात मुलांना खेळू द्यायचे, जमले तर चार दिवस स्कीइंग शिकायचे, तर हिमालयच गाठायला हवा.

एकेकाळी त्यासाठी रजा, एल.टी.सी., रेल्वेचे आरक्षण आणि पुढे बसचा प्रवास असा बेत ठरत असे. आता सेक्टरमधल्या बहुतेक गल्ल्यांत दारोदार गाड्या उभ्या दिसतात. महामार्ग रुंद झाले आहेत. मनालीच्या पलीकडचा ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाल्यापासून लाहौलचा बर्फही हिवाळ्यात आवाक्यात आला. साहजिकच घरात विषय निघतो, "अहो, या वेळी आपल्याच गाडीने जाऊ या ना!" मग नकाशे पाहिले जातात, हॉटेले ठरतात आणि कोणीतरी अनुभवी शेजारी विचारतो, "चाकांना साखळी घेतलीत का?"

येथेच गडबड होते. साखळी म्हणजे जॅक-पाना यांसारखी डिकीत टाकून ठेवायची वस्तू, अशी आपली समजूत असते. मग घाईघाईत मिळेल ती साखळी घेतली जाते. बर्फात पोहोचल्यावर ती चाकाला बसत नाही, बसली तर भलत्याच चाकाला बसवली जाते किंवा दोन वळणांवर तुटून मडगार्डवर आपटू लागते. गाडीत बायकामुले, बाहेर शून्याखाली तापमान आणि मागे हॉर्न वाजवणाऱ्या गाड्यांची रांग! असा प्रसंग टाळायचा असेल तर साखळीची निवड आणि तिची तालीम, दोन्ही भिलाईतच व्हायला हवी.

तेराशे किलोमीटर एकीकडे, शेवटचे पंधरा एकीकडे

भिलाईहून नागपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. तेथून सिवनी, सागर, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा या मार्गाने दिल्ली. एवढ्यातच तेराशेच्या वर किलोमीटर होतात. दिल्ली ते मनाली आणखी सव्वापाचशेच्या आसपास. म्हणजे एका बाजूचा प्रवास साधारण अठराशे किलोमीटरचा. वाटेत दोन मुक्काम करावेत हे उत्तम. उत्तरेतले दाट धुके लक्षात घेता ग्वाल्हेरच्या पुढे पहाटे आणि रात्री गाडी न हाकणेच शहाणपणाचे.

या साऱ्या वाटेवर साखळीचा उपयोग काहीच नाही. तिची गरज पडते ती शेवटच्या टप्प्यात. मनालीपासून सोलंग तेरा-चौदा किलोमीटरवर आहे. स्कीइंगचे उतार तेथे, सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर. अटल बोगद्याचे दक्षिणेकडील तोंड मनालीपासून पंचवीस किलोमीटरवर, तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर. काश्मीरमध्ये गुलमर्गला जायचे तर तंगमर्गपासून वरचा तेरा किलोमीटरचा घाट हाच खरा कसोटीचा. बर्फ पडला की तंगमर्गला पोलीस गाड्या थांबवून साखळी तपासतात. चारही चाकांची ताकद असलेली 'फोर बाय फोर' गाडी किंवा साखळी लावलेली गाडीच पुढे सोडली जाते. मनालीकडेही जोराची बर्फवृष्टी झाली की सोलंगच्या रस्त्यावर असाच निर्बंध येतो आणि कधी कधी फक्त फोर बाय फोर गाड्यांनाच परवानगी मिळते. तेव्हा साखळी आहे म्हणजे वाट मोकळी आहे, असे समजू नये.

चाक घसरते का?

टायर रस्त्याला धरून ठेवतो तो घर्षणाने. कोरड्या डांबरी रस्त्यावर ही पकड भरपूर असते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर ती तिपटी-चौपटीने कमी होते आणि आरशासारख्या गोठलेल्या पाण्यावर तर सातव्या हिश्श्यावर येते. ढोबळ हिशेब करून पाहा. ताशी चाळीसच्या वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यापासून नऊ-दहा मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर तीच गाडी तीस मीटर जाईल आणि गोठलेल्या पाण्यावर साठ मीटर. घाटातल्या वळणावर साठ मीटर रस्ता सरळ असतोच कोठे?

आपल्याकडे मिळणारे टायर उन्हाळा आणि पावसाळा डोळ्यांपुढे ठेवून केलेले असतात. थंडीत त्यांचे रबर कडक होते आणि पकड आणखी घटते. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यासाठी मऊ रबराचे, खोल नक्षीचे वेगळे टायर वापरतात. भिलाईच्या माणसाने आठ दिवसांच्या सहलीसाठी चार टायर बदलणे परवडणारे नाही. म्हणून आपल्यासाठी साखळी. तिच्या कड्या बर्फात रुततात आणि चाकाला धरायला जागा मिळते.

ही युक्ती सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनस्टोटा गावच्या हॅरी वीड यांनी चिखलात आणि बर्फात गाडी रुतू नये म्हणून चाकांना दोर गुंडाळणारे चालक पाहिले. दोराऐवजी साखळी का नको, असा विचार करून त्यांनी चाकाची साखळी तयार केली आणि १९०४ मध्ये तिचे पेटंट मिळवले. आजची साखळी हलकी आणि बसवायला सोपी झाली असली, तरी तत्त्व तेच आहे.

बाजारात काय काय मिळते?

दुकानात किंवा घरपोच मागवताना पाच प्रकार समोर येतात.

शिडीची साखळी : चाकाच्या दोन्ही बाजूंनी एकेक साखळी आणि त्यांच्यामध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे पट्टे. स्वस्त आणि टिकाऊ. चढ चढताना आणि ब्रेक लावताना काम चांगले करते. पण दोन पायऱ्यांच्या मध्ये टायर उघडाच राहतो, त्यामुळे गाडी धक्के खात चालते आणि वळणावर बाजूला घसरणे तितकेसे थांबत नाही.

चौकटीची साखळी : पतंगाच्या आकाराच्या चौकटी टायरभर पसरलेल्या असतात. चाक कसेही फिरले तरी कोणती ना कोणती कडी जमिनीला टेकलेली असते. गाडी सरळ चालते आणि वळणावरही पकड राहते. शिडीपेक्षा महाग, पण घाटात कुटुंब घेऊन जाणाऱ्यासाठी हाच प्रकार सर्वात भरवशाचा.

तारेची साखळी : कड्यांऐवजी पोलादी तार आणि तिच्यावर छोट्या नळ्या ओवलेल्या. जाडी कमी, म्हणून चाकाभोवती जागा थोडी असलेल्या लहान गाड्यांना सोयीची. खोल बर्फात मात्र खऱ्या साखळीची सर हिला नाही.

प्लॅस्टिकचे पट्टे : चाकाच्या आऱ्यांमधून ओवून आवळायचे जाड पट्टे. 'कोणत्याही गाडीला चालेल' अशी त्यांची जाहिरात असते. रुतलेली गाडी एकदा बाहेर काढण्यासाठी ठीक. पण तासन् तास घाट उतरायला त्यांच्यावर विसंबू नका. ज्या चाकांवर अखंड टोपी आहे किंवा ज्यांच्या आऱ्यांजवळच ब्रेकचा भाग येतो, तेथे ते ओवताच येत नाहीत.

कापडी मोजे : चाकावर पिशवीसारखे चढवायचे मजबूत विणीचे आवरण. वजनाला हलके, घडी करून सीटखाली मावणारे. घरातल्या कोणालाही चढवता येतील इतके सोपे. ताज्या बर्फात छान चालतात, पण उघड्या डांबरावर लवकर फाटतात. तपासनाक्यावर ते साखळी म्हणून चालतात की नाही, हे आधी विचारून घ्यावे.

घट्ट बर्फ, तीव्र उतार, गाडीत चार-पाच माणसे आणि सामान, असे चित्र असेल तर चौकटीची पोलादी साखळी घ्या. केवळ 'पडलाच बर्फ तर' म्हणून हाताशी काही हवे असेल, तर कापडी मोज्यांचा विचार करता येईल.

माप टायरवरच लिहिलेले असते

साखळी गाडीच्या नावावरून नव्हे, तर टायरच्या मापावरून घ्यायची असते. टायरच्या बाजूवर '१८५/६५ आर १५' अशी आकडेवारी कोरलेली असते. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा उंचीचे रुंदीशी शेकडा प्रमाण आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. एकाच नावाच्या गाडीच्या साध्या आणि महागड्या प्रकारांना वेगवेगळ्या मापांचे टायर असतात. शेजाऱ्याकडे तीच गाडी आहे म्हणून त्याची साखळी आपल्याला बसेलच असे नाही. मध्यंतरी टायर बदलले असतील, तर जुन्या पावतीवरचे माप न लिहिता चाकाजवळ वाकून नवे माप उतरवून घ्या. दुकानदाराने दिलेल्या पेटीवर मापांचा तक्ता असतो. त्यात आपले माप जसेच्या तसे असले पाहिजे. 'जवळपास बसते' हे उत्तर स्वीकारू नका.

दुसरी बाब मोकळ्या जागेची. टायर आणि मडगार्ड, टायर आणि सस्पेन्शन, टायर आणि ब्रेकचा पाइप यांच्यामध्ये साखळी फिरायला जागा लागते. साखळीच्या जाडीचे ९, १२, १६ मिलिमीटर असे प्रकार येतात. कारसाठी साधारणतः ९ किंवा १२ आणि मोठ्या जीपसारख्या गाड्यांसाठी १६. जागा कमी असताना जाड साखळी घातली तर ब्रेकचा पाइप कापला जाण्याची भीती असते. गाडीबरोबर मिळालेले माहितीपुस्तक उघडून साखळीबद्दल काय लिहिले आहे ते पाहा. काही गाड्यांना साखळी लावूच नये, असे कंपनी स्पष्ट सांगते. काहींना ठरावीक मापाच्या टायरवरच परवानगी असते.

पुढच्या चाकांना की मागच्या?

साखळ्या जोडीने मिळतात, म्हणजे दोन चाकांपुरत्या. त्या लावायच्या इंजिन ज्या चाकांना फिरवते त्यांना. स्विफ्ट, बलेनो, आय-२०, अर्टिगा अशा बहुतेक गाड्यांमध्ये पुढची चाके गाडी ओढतात, म्हणून साखळी पुढे. बोलेरोसारख्या गाडीत मागची चाके ढकलतात, म्हणून साखळी मागे. नावावर जाऊ नका; इनोव्हा क्रिस्टा मागच्या चाकांवर चालते आणि इनोव्हा हायक्रॉस पुढच्या! फोर बाय फोर गाडीत कोणत्या चाकांना आधी लावायची, हे माहितीपुस्तक सांगते. चारही चाकांना लावता आली तर सर्वात बरे.

दोनच चाकांना साखळी असली की गाडीचा स्वभाव बदलतो, हेही जाणून असावे. पुढे साखळी असेल तर उतारावर जोरात ब्रेक मारताच मागचा भाग बाजूला झुकू पाहतो. मागे साखळी असेल तर चढ सहज चढतो, पण वळताना पुढची चाके सरळच सरकू लागतात. दोन्हींवर उपाय एकच. वेग कमी ठेवा आणि ब्रेक, स्टिअरिंग, ॲक्सिलरेटर यांना हळुवार हाताळा.

पोलादनगरीने पोलाद पारखावे

भिलाईकराला पोलादाची ओळख कोणी करून द्यावी? ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हापासून या गावाने लोखंडाचा कस लावण्यातच आयुष्य घातले आहे. घरात कोणी ना कोणी रेल मिल, प्लेट मिल किंवा प्रयोगशाळेत काम केलेले असतेच. त्यांचा सल्ला येथे कामी येईल.

साखळीच्या कडीला दोन परस्परविरोधी गुण हवेत. पृष्ठभाग कठीण हवा, म्हणजे खडी आणि डांबरावर घासून ती झिजणार नाही. गाभा मात्र चिवट हवा, म्हणजे धक्क्याने तुटणार नाही. म्हणून चांगल्या साखळ्या मिश्रधातूच्या पोलादाच्या करून त्यांच्या वरच्या थरावर उष्णतेची प्रक्रिया करतात. सुपेल्यात किंवा पॉवर हाऊसच्या बाजारात वजनावर मिळणारी साधी साखळी कापून, हुक लावून 'जुगाड' करता येईल असे कोणाच्याही मनात येईल. पण ती मऊ लोखंडाची साखळी काही किलोमीटरमध्येच झिजून तुटू शकते आणि तुटलेले टोक फिरत्या चाकाबरोबर चाबकासारखे आपटते.

विकत घेताना प्रत्येक कडीचा जोड पाहा. सांधा उघडा नसावा. कडी चौकोनी किंवा इंग्रजी 'डी' अक्षरासारखी असेल तर तिची धार बर्फात अधिक रुतते. ताण देणारा रबराचा किंवा स्प्रिंगचा भाग लवचिक आहे का, हुक हातमोजे घालून पकडता येतात का, हे हाताळून पाहा. पेटीवर युरोपचे ई.एन. १६६६२-१ किंवा ऑस्ट्रियाचे ओ-नॉर्म व्ही ५११७ असे मानक छापलेले असेल तर ती साखळी कसोटीतून गेलेली आहे असे समजावे. बरोबर एक-दोन सुट्या कड्या आणि दुरुस्तीचे हुक मिळतात का, हेही विचारा.

अंगणात रंगीत तालीम

निघण्यापूर्वीच्या रविवारी सकाळी अंगणात साखळी बसवून पाहा. पहिल्या वेळी अर्धा-पाऊण तास लागेल, तिसऱ्या वेळी दहा मिनिटांत काम होईल. घरच्या मंडळींनाही शिकवा. बर्फात एकाने चाकाशी बसायचे आणि दुसऱ्याने टॉर्च धरायचा, अशीच पाळी येते.

पद्धत साधारण अशी. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावा. साखळी जमिनीवर पसरून पीळ काढा. एक पीळ राहिला तरी सगळे बिघडते. चाकामागून साखळीचे कडे सरकवून वरच्या बाजूला त्याची टोके जोडा. मग पुढच्या बाजूचे हुक लावा, साखळी टायरवर सारखी पसरा आणि ताणाची साखळी ओढून अडकवा. हुकांची उघडी तोंडे टायरच्या उलट दिशेला असावीत, नाहीतर ती रबराला टोचतात. गाडी पन्नास-शंभर मीटर अगदी हळू चालवून थांबा आणि पुन्हा ताण द्या. हे दुसरे आवळणे बहुतेक जण विसरतात आणि साखळ्या निसटण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. तालीम झाली की साखळी लगेच काढा. कोरड्या रस्त्यावर ती टायर आणि रस्ता दोन्ही खराब करते.

साखळीबरोबर डिकीत एक छोटी पिशवी ठेवा. त्यात रबरी हातमोजे, गुडघे टेकायला ताडपत्रीचा तुकडा, कपाळावर बांधायचा टॉर्च, फडके आणि लहान फावडे असावे. ही पिशवी सामानाच्या तळाशी नको. बर्फात सगळ्या बॅगा रस्त्यावर काढून साखळी शोधणारी कुटुंबे पाहून स्थानिक लोक हसतात, ते उगाच नव्हे!

घाटात चालवताना

साखळी लावायची ती गाडी घसरू लागल्यावर नव्हे, त्याआधी. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या चाकांना साखळ्या दिसू लागल्या की रुंद, सपाट जागा पाहून थांबा. वळणावर किंवा चढावर कधीही थांबू नका. एक माणूस मागे उभा करून येणाऱ्या गाड्यांना इशारा करू द्या.

साखळी लावल्यावर ताशी पन्नास किलोमीटर ही बहुतेक साखळ्यांची कमाल मर्यादा असते. घाटात पंचवीस-तीस पुरे. दुसऱ्या गिअरमध्ये हळुवार निघा. उतारावर खालचा गिअर ठेवून इंजिनलाच गाडी रोखू द्या. न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे म्हणजे संकटाला आमंत्रण. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या तीन-चार पट अंतर ठेवा. सावलीतली वळणे, पूल आणि झऱ्यांजवळचे रस्ते यांवर पातळ, काळसर थर जमतो. तो ओल्या डांबरासारखा दिसतो आणि सर्वात घातक असतो. खटखट आवाज वाढला तर लगेच थांबून साखळी तपासा. काळा रस्ता सलग दिसू लागला की ती काढून ठेवा.

मुक्कामी गाडी लावताना रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो गोठून चिकटतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. निघण्यापूर्वी भिलाईच्या गॅरेजमध्ये बॅटरी तपासून घ्या आणि रेडिएटरमध्ये नुसते पाणी नाही, योग्य प्रमाणात कूलंट आहे याची खात्री करा. डिझेल गाडी असेल तर मैदानातले डिझेल फार थंडीत घट्ट होते, हे लक्षात असू द्या. लडाखसारख्या भागासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे खास डिझेल आणले, ते याच अडचणीमुळे. डोंगरात शिरल्यावर टाकी तेथल्याच पंपावर भरावी.

साखळी असूनही थांबावे तेव्हा

डिसेंबर २०२४ मध्ये नाताळच्या आठवड्यात सोलंग आणि अटल बोगद्याच्या दरम्यान अचानक बर्फ कोसळला आणि सुमारे एक हजार गाड्या अडकून पडल्या. पोलिसांनी पर्यटकांना रात्रीतून सुखरूप खाली आणले. अशा वेळी आपल्या चाकाला उत्तम साखळी असून काय उपयोग? पुढची बिनसाखळीची गाडी आडवी झाली की रस्ता सगळ्यांचाच बंद होतो. म्हणून हवामान खात्याचा इशारा असेल त्या दिवशी वर जाऊ नका, गेलात तर दुपारीच खाली या आणि पोलिसाने हात दाखवला तर हुज्जत न घालता मागे फिरा.

अडकलेल्या गाडीत आणखी एक धोका दबा धरून असतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांत लहान मुलेही होती. थंडीपासून बचाव म्हणून इंजिन आणि हीटर चालू ठेवले जाते, सायलेन्सर बर्फात बुजतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू गाडीत शिरतो. त्याला ना रंग, ना वास. झोपेतच माणूस जातो. अडकलात तर आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा, तो पुन्हा पुन्हा पाहा. इंजिन थोडा वेळच चालवा, एक काच बोटभर उघडी ठेवा आणि सगळ्यांनी एकदम झोपू नका. ब्लँकेटे, पाणी, कोरडा खाऊ आणि नेहमीची औषधे हाताशी ठेवा.

परदेशी मुलांकडे जाताय?

भिलाईतून शिकून अमेरिका-युरोपात स्थिरावलेली मुले अनेक घरांत आहेत. हिवाळ्यात आई-वडील गेले की मुले त्यांना बर्फ दाखवायला नेतात. कॅलिफोर्नियात लेक टाहोच्या वाटेवर तीन पायऱ्यांचे नियम असतात. 'आर-१' असताना बर्फाचे टायर असलेल्या साध्या मोटारींना साखळी न लावता जाता येते, पण ती जवळ हवी. 'आर-२' असताना चारही चाकांवर चालणाऱ्या आणि चारही बर्फाचे टायर असलेल्या गाड्यांनाच सूट. 'आर-३' आला की सर्वांनाच साखळी सक्तीची. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०२१ पासून नेमून दिलेल्या डोंगराळ भागांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात हिवाळी टायर लावणे किंवा साखळी जवळ ठेवणे आवश्यक आहे. भाड्याची गाडी असेल तर करार नीट वाचावा. साखळी लावायला मनाई करणाऱ्या कंपन्याही आहेत.

विकत, भाड्याने की टॅक्सी?

समजा, सेक्टर १० मधले चौघांचे कुटुंब आयुष्यात एकदाच सोलंगला निघाले आहे. गाडी लहान, पुढच्या चाकांची, चालवणारे एकटे घरधनी आणि बर्फाचा अनुभव शून्य. त्यांनी साखळीवर पैसे घालण्यापेक्षा गाडी मनालीत हॉटेलच्या आवारात ठेवावी आणि वरच्या चौदा किलोमीटरसाठी स्थानिक फोर बाय फोर टॅक्सी करावी, हे बरे. तेथल्या चालकाचे हात रोजच्या बर्फात तयार झालेले असतात. तंगमर्ग आणि मनालीत साखळ्या भाड्यानेही मिळतात आणि तेथेच बसवूनही देतात. मात्र आपल्या मापाची साखळी गर्दीच्या दिवशी शिल्लक असेलच असे नाही. झिजलेल्या कड्या पाहून घेणेही आपल्याच हाती.

ज्यांच्याकडे मोठी गाडी आहे, चालवणारे दोघे आहेत आणि दरवर्षी डोंगरात जाण्याची हौस आहे, त्यांनी चांगली जोडी विकत घ्यावी. घरी परतल्यावर कोमट पाण्याने धुऊन, वाळवून, हलका तेलाचा हात फिरवून ठेवली तर अनेक हिवाळे टिकते.

तिसराही मार्ग आहे. छत्तीसगड एक्स्प्रेसने दुर्गहून अंबाल्यापर्यंत जावे आणि पुढे बस किंवा टॅक्सी करावी. अठराशे किलोमीटर गाडी हाकण्याचा शीण वाचतो आणि तो दिवस मुलांच्या स्कीइंगला मिळतो. गुलमर्गला भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आणि मनालीत अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था स्कीइंगचे वर्ग घेतात. त्यांच्या तारखा आधी विचारून सहलीचा बेत त्याभोवती बांधावा.

गाडी आपली, हौस आपली, पण बर्फाचा रस्ता आपला नव्हे, एवढे मनात ठेवले की निवड सोपी होते. साखळी मापाची असावी आणि बसवायची सवय हाताला असावी. इतके करूनही 'आज वर जायचे नाही' म्हणण्याची वेळ आली, तर खुशाल हॉटेलच्या खिडकीतून बर्फ पाहत गरम चहा घ्यावा. बर्फ उद्याही असतो.

निघण्यापूर्वी तपासा

• टायरवरचे माप आणि पेटीवरच्या तक्त्यातले माप तंतोतंत जुळते का?
• माहितीपुस्तकात साखळीला परवानगी आहे का आणि किती जाडीच्या?
• इंजिन कोणती चाके फिरवते, पुढची की मागची?
• साखळी घरी निदान तीनदा बसवून पाहिली का?
• हातमोजे, टॉर्च, ताडपत्री, फावडे वरच्या वर ठेवले का?
• हवामानाचा इशारा आणि रस्त्याची स्थिती त्या दिवशी सकाळी विचारली का?
• सायलेन्सर आणि विषारी वायूची सूचना घरातल्या सर्वांना माहीत आहे का?